दोराला लावलेली पाठ

मी मुष्टियुद्ध खेळते असे सांगितले, की समोरचा माणूस आधी माझ्या नाकाकडे पाहतो. नाक जागेवर आहे अशी खात्री पटली, की मग तो माझी उंची पाहतो आणि त्याचा विश्वास उडतो. कलाशाखेच्या दुसऱ्या वर्षाला मराठी आणि इतिहास घेतलेली, पाच फुटांवर जेमतेम एक इंच असलेली ही मुलगी कोणाला मारत असेल, हे त्याला पटत नाही. "तुझ्याहून दांडगी कोणी समोर आली तर काय करतेस?" हा प्रश्न मला आपल्याच तीन प्राध्यापकांनी, ग्रंथालयातल्या काकांनी आणि एकदा बसच्या वाहकानेही सुटे पैसे देता देता विचारला आहे.

प्रश्न रास्त आहे. आमच्या खेळात वजनाचे गट असतात, उंचीचे नसतात. माझ्याइतक्याच वजनाची, पण माझ्याहून वीतभर उंच आणि त्या मानाने लांब हातांची मुलगी समोर उभी राहिली, की माझा ठोसा तिच्यापर्यंत पोचण्याआधी तिचे दोन माझ्यापर्यंत आलेले असतात. अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. शिवाय ते उत्तर सगळेच्या सगळे माझे नाही. त्यातला बराच भाग आमच्या आबांचा आहे, आणि आबांनी उभ्या आयुष्यात हातात ग्लोव्हज घातलेले नाहीत.

आबा म्हणजे माझे आजोबा. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून ते मुंबईला आले, दाणाबंदरात माथाडी कामाला लागले आणि घाटकोपरच्या भटवाडीत एका खोलीत सहा जणांबरोबर राहिले. त्याआधी गावाकडे त्यांचे नाव होते ते कुस्तीत. फार मोठे नव्हे. जत्रेत नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करून, शेवटच्या दोन-चार कुस्त्यांत ज्यांची नावे हलगीवाल्याच्या तोंडी येतात, त्यांच्यापर्यंत ते पोचले होते, एवढेच. पण कुस्ती त्यांच्या डोळ्यांतून गेलेली नाही. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला हरवले, ही गोष्ट ते अशा आवाजात सांगतात, की कालच्या मुक्कामाच्या गाडीने परत आले असावेत. प्रत्यक्षात त्या दिवशी ते दाणाबंदरात गव्हाची पोती उतरवत होते.

माझ्या खेळाविषयी त्यांचे मत सुरुवातीला चांगले नव्हते. "मातीला पाठ लागली की कुस्ती सुटली, दोघं बी मोकळं. तुमच्यात पडल्याव बी उठायचं आन् पुन्यांदा मार खायाचा. ह्यो कसला खेळ? ही तर गुद्दागुद्दी." मी वाद घालत नसे. मुलुंडला सरावाला जायची सातची गाडी पकडायची असे, आणि घाटकोपरच्या फलाटावर सकाळी सात वाजता जागा मिळवणे हाही एक मुष्टियुद्धाचाच प्रकार आहे.

आमची व्यायामशाळा जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. नियमाप्रमाणे रिंग दोरांच्या आत ६.१० मीटर बाय ६.१० मीटर असते आणि तिला चारी बाजूंनी चार-चार दोर असतात. आमच्याकडे आहे तो लादीवर रंगाने आखलेला चौकोन, निम्म्याहून लहान. चार खांबांना नायलॉनची दोरी बांधली आहे. तिला कोणी टेकले की खांब नाही तर निदान गाठ तरी सुटते. आमचे सर पूर्वी रेल्वेकडून खेळलेले. बोलतात थोडे. नव्या मुलांना पहिले पंधरा दिवस ते ठोसा मारू देत नाहीत. भिंतीशी उभे करतात आणि दुसऱ्यांचे खेळणे पाहायला लावतात. या पंधरा दिवसांत निम्मी मुले पळतात. मीही पळणार होते, पण महिन्याची फी भरलेली होती.

सरांनीच मला मागच्या वर्षीच्या मे महिन्यात सांगितले, की अली आणि फोरमन यांची लढत पाहा. ती पाहायची म्हणून मी दुपारी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसले. आबा शेजारी सुपारी कातरत होते. आई पलीकडे भाकऱ्या थापत होती.

ज्यांना ती लढत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ३० ऑक्टोबर १९७४. आफ्रिकेतल्या झाईर देशाची राजधानी किन्शासा. आज त्या देशाला काँगो लोकशाही प्रजासत्ताक म्हणतात. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत ठेवली होती ती तिथल्या पहाटे चारच्या सुमाराला. जॉर्ज फोरमन २५ वर्षांचा, जगज्जेता, ४० लढती खेळून ४० जिंकलेला; त्यातल्या ३७ मध्ये प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत उभेच राहू दिले नव्हते. मुहम्मद अली ३२ वर्षांचा. अलीला ज्या दोघांनी हरवले होते, त्या जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोघांनाही फोरमनने दुसऱ्याच फेरीत संपवले होते. फ्रेझर तर त्या दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पडला होता. तेव्हा अली हरणार का, हा प्रश्नच कोणी विचारत नव्हते. तो जिवंत परत येईल ना, याची त्याच्या जवळच्या माणसांना काळजी होती.

अली महिनोन्‌महिने सांगत होता, की मी नाचणार, फोरमनला माझी सावलीसुद्धा सापडणार नाही. फोरमनच्या माणसांनी त्याप्रमाणे तयारी केली होती. नाचणाऱ्याला कोपऱ्यात कसे कोंडायचे, त्याची वाट कशी कापायची, यात फोरमन आधीच पटाईत होता. घंटा झाली आणि अली नाचला नाही. तो सरळ पुढे गेला आणि त्याने उजव्या हाताचा ठोसा मारला. उजव्या पवित्र्यात उभा राहणारा खेळाडू आधी डावा हात फेकतो आणि त्याच्या आडून उजवा आणतो, कारण उजव्याला यायला लांबचा रस्ता असतो. जगज्जेत्याला पहिलाच ठोसा उजव्या हाताने मारणे म्हणजे त्याची किंमत न करणे. फोरमन भडकला.

आबांनी सुपारी खाली ठेवली. "ह्यो पडणार," ते म्हणाले. म्हणजे अली.

दुसऱ्या फेरीत अली मागे सरकत दोरांपाशी गेला, दोन्ही हात तोंडापुढे घेतले, कोपरे बरगड्यांना चिकटवली आणि दोराला पाठ लावून उभा राहिला. फोरमन मारू लागला. ते मारणे पाहवत नाही. कोपऱ्यातून अलीचा शिक्षक अँजेलो डंडी ओरडतो आहे, दोरापासून दूर हो. अली ऐकत नाही.

"पाठ लावली की ह्यानं!" आबा म्हणाले. कुस्तीवाल्याच्या तोंडी या शब्दांचा अर्थ एकच. खेळ खलास.

मग तिसऱ्या फेरीच्या मध्यावर ते एकाएकी पुढे सरकले. "थांब. जरा मागं घे." मी मागे घेतले. "दोर बघ. ढिलं हायती. त्यो रेलतोय, दोर मागं जात्यात. धक्का दोरात जातोय, अंगात न्हाई." मी पुन्हा मागे घेतले. खरोखरच फोरमनचा प्रत्येक ठोसा आला, की अली दोरांसकट मागे झुकत होता आणि दोरांसकट परत येत होता. डोके तर ठोशांच्या टप्प्याबाहेरच होते. "पोतं पाठीनं उचलत न्हाईत, पायानं उचलत्यात," आबा म्हणाले. "पाठीव घेतलं की माणूस मोडतो. वज्याला खाली जायाला वाट द्याची." पन्नास वर्षांत लिहिलेल्या सगळ्या लेखांत असेल-नसेल, पण मला ते दोर समजले ते शंभर किलोचे पोते उचललेल्या माणसाकडून.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती मला दहा वेळा पाहूनही दिसली नव्हती. फोरमन जवळ आला, की अली त्याच्या मानेमागे हात टाकून त्याचे डोके खाली दाबत होता आणि आपले वजन त्याच्यावर सोडत होता. पंच सोडवीत, पुन्हा तेच. "ही कुस्ती हाय," आबांनी निर्वाळा दिला. "मोठा गडी उचलायचा नस्तो. त्येला आपलं वजन उचलाय लावायचं. मान धरून लोंबकाळायचं. कस निघतो."

पाचव्या फेरीत फोरमन तोंडाने श्वास घेऊ लागला. आबांनी विचारले, "किती झाल्या?" मी म्हटले, "पाच." "ह्येच्या आधी पाचवी फेरी ह्या गड्यानं किती येळा बघितली?" मी शोधले. फारच थोड्या वेळा. त्याच्या बहुतेक लढती दोन-तीन फेऱ्यांतच आटोपलेल्या. चाळीस विजयांनी त्याला सगळे शिकवले होते, फक्त दमल्यावर काय करायचे ते शिकवले नव्हते. शिकवण्याची गरजच पडली नव्हती. मारता मारता अली त्याच्या कानाशी लागून विचारत होता म्हणे, की एवढाच का तुझा जोर? हे पुढे फोरमननेच सांगितले आहे. आठव्या फेरीची शेवटची काही सेकंदे राहिली असताना अली दोरावरून सुटला, डावे-उजवे ठोसे लागोपाठ बसले आणि तो प्रचंड माणूस स्वतःभोवती वळत हळूहळू जमिनीवर आला.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी भीम-जरासंधाची गोष्ट काढली. कीर्तनात ऐकलेली. कितीही आपटला तरी जरासंध मरत नाही, तेव्हा कृष्ण काडी मधोमध चिरून दोन तुकडे दोन दिशांना टाकतो आणि भीमाला ते कळते. मी म्हटले, "आबा, इथे कृष्ण नाही. कोपऱ्यातला माणूस तर उलट ओरडत होता." त्यावर ते म्हणाले, "म्हंजी भीम बी त्योच आन् किस्न बी त्योच. लई अवघड."

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला मात्र वेगळेच काही आठवत होते. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, हे आपण चौथीपासून शिकतो. दोर कापून टाकणे म्हणजे शौर्य, असे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. दोराला टेकून उभे राहण्याचे कौतुक आपल्याकडे नाही. आणि तरीही १७२८ साली पालखेडला बाजीरावाने निजामाला हरवले ते अंगावर घेऊन नव्हे; त्याला स्वतःमागे पळवत नेले, इतके की त्याचा जड तोफखाना मागे राहिला, आणि मग पाणी तोडले. मोठ्याला त्याच्या मोठेपणाचे ओझे वाहायला लावण्याची विद्या आपल्या मातीत पूर्वीपासून आहे. पोवाड्यांत ती जरा मागे राहते इतकेच.

हे सगळे फार छान चालले होते, पण मोबाइल स्वतःहून पुढची चित्रफीत लावतो. लढत संपली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचे उद्‌घाटन सुरू झाले. पांढऱ्या कपड्यांतला अली, हातात मशाल, ज्योत पेटवायची आहे. आणि त्याचा डावा हात थरथरतो आहे. नुसता थरथरत नाही, हलतो आहे.

आई भाकरी तव्यावर तशीच ठेवून उठून आली. ती एका दवाखान्यात परिचारिका आहे. असे हात ती रोज पाहते. "हा तोच?" तिने विचारले. मी हो म्हटले. "जिंकला ना तो? मग हात का कापतोय?"

मी तिला सांगितले, की त्याला कंपवात झाला, निदान १९८४ मध्ये झाले, तो २०१६ मध्ये वारला. डॉक्टरांचे याबाबत एकमत नाही, पण खाल्लेल्या ठोशांचा त्याच्याशी संबंध असावा असे पुष्कळांना वाटते. किन्शासानंतर तो आणखी सात वर्षे खेळला. १९७५ मध्ये मनिलाला फ्रेझरशी चौदा फेऱ्या, १९८० मध्ये लॅरी होम्सकडून मार. तेव्हा एकट्या त्या रात्रीचा हा हिशेब नव्हे. मी हे सांगत होते आणि मला जाणवत होते, की मी वकिलासारखी बोलते आहे. आईने काही ऐकले नाही. तिने फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. तव्यावर भाकरी करपली.

आबा म्हणाले, "वजं त्या दिवशी कळत न्हाई." त्यांची पाठ वयाच्या पन्नाशीपासून वाकलेली आहे आणि डावा गुडघा दुमडत नाही. पायाने पोती उचलणाऱ्या माणसाचीही.

त्या दुपारपासून घरात माझ्या खेळाचा विषय निघाला की आई गप्प राहू लागली. "नाक मोडलं तर तुझ्याशी लग्न कोण करणार" हे तिचे नेहमीचे वाक्य होते, आणि त्याला माझ्याकडे चार तयार उत्तरे होती. गप्प राहण्याला नव्हते.

सरांना मी हे सगळे सांगितले. ते हसले. म्हणाले, "अलीची युक्ती तुझ्या उपयोगाची नाहीच. तुझी लढत तीन फेऱ्यांची. तीन-तीन मिनिटं. आठवी फेरी तुला आहे कुठे?" अगदी खरे. आमच्या हौशी मुष्टियुद्धात पाच पंच बाजूला बसून गुण देतात. मी दोराला टेकून मार खात बसले, तर नऊ मिनिटांनी माझी प्रतिस्पर्धी थोडीशी दमलेली आणि पूर्णपणे जिंकलेली असेल. शिवाय आमच्याकडे टेकायला दोर नाहीत हा मुद्दा आहेच.

त्याऐवजी त्यांनी मला मॅक्स श्मेलिंगची गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते अलीपेक्षा ही गोष्ट आपल्यासारख्यांच्या अधिक कामाची आहे. १९३६ साल. जो लुई हा तरुण अमेरिकन खेळाडू तोवर एकही व्यावसायिक लढत हरला नव्हता. श्मेलिंग जर्मन, तिशी ओलांडलेला, सगळ्यांच्या मते संपलेला. त्याने लुईच्या लढतींच्या फिती मिळवल्या आणि त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. वार्ताहरांना तो एवढेच म्हणाला, की मला काहीतरी दिसले आहे. काय दिसले ते सांगितले नाही. त्याला दिसले होते ते असे: लुई डाव्या हाताचा जॅब मारून हात परत घेताना तो हनुवटीपाशी न आणता खाली आणतो. क्षणभर जबड्याची डावी बाजू उघडी पडते. बस्स. १९ जून १९३६ ला न्यूयॉर्कमध्ये श्मेलिंगने त्या एका क्षणाची वाट पाहत उजवा हात तयार ठेवला, चौथ्या फेरीत लुईला प्रथम खाली पाडले आणि बाराव्या फेरीत लढत संपवली.

"अलीने अंगाने किंमत दिली, याने डोळ्यांनी," सर म्हणाले. ते क्वचित बोलतात, पण बोलले की असे.

पुढचे त्यांनी सांगितले नाही, ते मी वाचले. नाझींनी श्मेलिंगच्या विजयाचा डांगोरा पिटला. लुई परत जाऊन तो डावा हात दुरुस्त करून आला. २२ जून १९३८ ला दोघे पुन्हा भेटले आणि श्मेलिंग पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत संपला.

आता बोरिवलीची मुलगी. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आमच्या वजनी गटात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत ती दोन वर्षे अपराजित होती. उंच, सडपातळ, आणि डावा हात असा की जणू खिडकीतून वाळत घातलेली काठी. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने अजिंक्य समजल्या जाणाऱ्या माइक टायसनला अशाच लांब डाव्या हाताने दूर ठेवून दहाव्या फेरीत पाडले होते. टायसन बुटका होता. मीही बुटकी आहे. साम्य इथेच संपते, कारण टायसनकडे निदान टायसनचा ठोसा होता.

माझ्या मैत्रिणीने तिच्या आदल्या वर्षीच्या लढतीचे मोबाइलवर चित्रण केले होते. मी ते वीस-पंचवीस वेळा पाहिले असेल. मला दिसला तो फक्त तिचा डावा हात, पुन्हा पुन्हा. शेवटी मी ते आबांपुढे ठेवले.

आबा हातांकडे पाहतच नव्हते. कुस्तीगीर हात पाहत नाही, हात फसवतात. तो कंबर पाहतो आणि पाय पाहतो. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग खिडकीच्या उजेडात नेला. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. अर्ध्या तासाने म्हणाले, "मागला पाय बघ. टाच."

उजव्या पवित्र्यात मागचा पाय उजवा असतो आणि त्याची टाच किंचित उचललेली असते. तिची होती. ती डावा, डावा, उजवा असे तीन ठोसे मारी, आणि तिसरा पोचता पोचता तिची टाच जमिनीला टेके. मग ती सरळ रेषेत मागे जाई, हनुवटी वर, हात ढिले. दर वेळी. कारण दर वेळी समोरची मुलगी त्या तीन ठोशांनी आधीच मागे हटलेली असे. तिला मागे जाताना कोणी गाठलेच नव्हते.

"टाचंवर आलेला गडी मारू शकत न्हाई," आबा म्हणाले. "त्यो निस्ता उभा ऱ्हातो. तवाच शिरायचं."

सांगणे सोपे. लढतीत प्रतिस्पर्ध्याच्या टाचेकडे पाहायला गेले तर आपले डोके तिच्या हातात सापडते. सरांनी यावर तोड काढली. टाच पाहायची नाही, मोजायचे. एक, दोन, तीन. पहिले दोन ग्लोव्हजवर घ्यायचे, तिसऱ्याला मागे न हटता डावीकडे खाली झुकून तो उजव्या कानावरून जाऊ द्यायचा, आणि त्याच झुकण्यातून उठताना पाऊल आत टाकून डावा हुक. सर हातात पॅड घालून तिच्यासारखे तीन मारीत आणि मागे जात. मी तिसऱ्याला हटे. अंग हटतेच. ठोसा येताना त्याच्या बाजूला पुढे जायचे हे मनाला कळते, पायांना कळत नाही. सहा आठवडे रोज शंभर वेळा. तिसऱ्या आठवड्यात माझ्या भुवईवर टेंगूळ आले. आईने बर्फ लावला. काही बोलली नाही. पण निघताना मी पाहिले, की माझ्या पिशवीत डोक्याचे जुने, फाटलेले कवच नव्हते. त्याच्या जागी नवे होते. ती किंमत तिने कशी उभी केली ते मी अजून विचारलेले नाही.

उपांत्य फेरी अंधेरीला झाली. पहिली फेरी मी हरले. ते ठरलेले होते. मोजणे बरोबर आहे की नाही हे पाहायला तीन मिनिटे लागणार होती, आणि त्या तीन मिनिटांत तिने माझ्यावर मनसोक्त सराव केला. पाचही पंचांनी ती फेरी तिला दिली. म्हणजे उरलेल्या दोन्ही जिंकणे भाग होते. कोपऱ्यात सरांनी पाणी दिले आणि विचारले, "टेकते?" मी म्हटले, "टेकते." लढतीबद्दल आमचे एवढेच बोलणे झाले.

दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा जमले तेव्हा तिला कळलेच नाही काय झाले. तिने पंचांकडे पाहिले. दुसऱ्यांदा जमले तेव्हा तिचा तो काठीसारखा हात बिचकत येऊ लागला, तीनऐवजी दोनच ठोसे येऊ लागले, आणि माझे मोजणेही चुकले. म्हणजे शेवटची फेरी कोणत्याच युक्तीची नव्हती. ती नुसती दोन दमलेल्या मुलींची होती. मी तिला चिकटून राहिले, कारण चिकटून असले की लांब हातांचा उपयोग होत नाही; ती मला ढकलत राहिली. निकाल तीन विरुद्ध दोन असा माझ्या बाजूने लागला. ज्या दोन पंचांनी तिला दिली, त्यांच्याशी माझे भांडण नाही.

दुसऱ्या दिवशी अंतिम लढत मी सरळ हरले. समोरची मुलगी उपांत्य फेरीच्या वेळी प्रेक्षकांत बसून माझी लढत पाहत होती. तिने मला तिसरा ठोसा मारलाच नाही.

घरी आल्यावर आबांनी पदक हातात घेऊन उलटेसुलटे केले, रुप्याचे नाही याची खात्री करून घेतली आणि विचारले, "त्या मोठ्या गड्याचं म्होरं काय झालं?" मला वाटले बोरिवलीची. ते फोरमनविषयी विचारत होते. मग मी त्यांना ती लढत लावून दिली. ५ नोव्हेंबर १९९४. फोरमन ४५ वर्षांचा. मध्ये दहा वर्षे खेळ सोडून धर्मोपदेशक झालेला, डोक्यावर केस नाहीत, पोट सुटलेले. अंगावर लाल चड्डी, किन्शासात होती तीच. समोर २६ वर्षांचा अपराजित मायकेल मूरर. नऊ फेऱ्या फोरमन हळूहळू चालत राहतो, मार खातो, गुणांत तिन्ही पंचांच्या कागदांवर मागे पडतो. दहाव्या फेरीत त्याचा उजवा हात एकदा बसतो, पुन्हा बसतो, आणि मूरर पडतो. २०२५ च्या मार्चमध्ये फोरमन वारला तेव्हा सगळ्यांनी पुन्हा किन्शासाचीच छायाचित्रे छापली. ही लढत थोड्यांनी.

"धा फेऱ्या थांबला?" आबांनी विचारले.

"नऊ. दहावीत मारलं."

"मंजी शिकला," ते म्हणाले. आणि मग आईला हाक मारून म्हणाले, "ए पोरी, हिकडं ये, हे बघ." आई आली, उभ्या उभ्या शेवटची फेरी पाहिली आणि विचारले, "याचे हात कापत होते का नंतर?" नव्हते, असे मी वाचले आहे तितके तरी, म्हणून मी नाही म्हटले. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

यंदाच्या स्पर्धा तोंडावर आल्या आहेत. बोरिवलीच्या मुलीने आमच्या त्या लढतीचे चित्रण कोणाकडून तरी मागवून घेतल्याचे मला कळले आहे. मागच्या महिन्यात ठाण्याला एका स्पर्धेत तिला पाहून आलेल्या मैत्रिणीने सांगितले, की आता ती सरळ मागे जात नाही, बाजूला निघते, आणि टाच टेकवत नाही. त्या लढतीचेही चित्रण आणले आहे. मी अजून ते उघडलेले नाही. आबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारी आहे. पट्टी निघाली, की दोघे मिळून पाहणार आहोत.